प्रतीची प्रत

तळ्यावर पाऊस सुरू होतो तेव्हा पहिले काही क्षण प्रत्येक थेंबाचे वर्तुळ वेगळे मोजता येते. मग वर्तुळे एकमेकांना छेदू लागतात आणि थोड्याच वेळात सगळे पाणी एकसारखे शहारते. हा बदल मी एकदा चाळीस सेकंदांच्या अखंड शॉटमध्ये टिपला होता आणि एका छोट्या माहितीपटाचा शेवट त्याच शॉटवर केला होता. संकलन करताना माझ्या पडद्यावर ते पाणी जिवंत होते. व्हिडिओ एक्स्पोर्ट करून रात्री एका संकेतस्थळावर चढवला आणि सकाळी उघडून पाहिला, तर तळ्याच्या जागी करड्या चौकोनांचा एक थर थरथरत होता. थेंब दिसत नव्हते, वर्तुळांचा तर मागमूसही नव्हता. त्याच्या अगोदरच्या शॉटमध्ये एक जुनी भिंत होती. तिच्यावरचा प्रत्येक पोपडा आणि प्रत्येक तडा मात्र जसाच्या तसा होता.

एकाच फाइलमध्ये, एकाच सेटिंगवर भिंत वाचली आणि पाऊस गेला, असे का व्हावे, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. एक्स्पोर्टच्या खिडकीतल्या त्या डझनभर रकान्यांकडे मी तोपर्यंत कधी नीट पाहिलेच नव्हते. आठवड्यांचे काम संपलेले असते, डोळे थकलेले असतात आणि समोर ‘वेबसाठी’ अशा नावाचे तयार सेटिंग दिसत असते. ते निवडायचे, बटण दाबायचे आणि उठायचे, असा माझा शिरस्ता होता. त्या तयार सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओला फाइलमध्ये मिळणारी जागा, सेकंदाला ३ मेगाबिट होता, हे मला पाऊस गमावल्यानंतर कळले.

तो आकडा किती लहान आहे हे पाहायचे तर थोडा हिशेब करावा लागतो. १९२० × १०८० आकाराच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एका स्थिर चित्रात, २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर मूळ चित्राचे वजन सेकंदाला १५५ मेगाबाइटच्या पुढे जाते. सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट; तेवढी जागा दिली तर दीडशेहून अधिक भागांपैकी एक भाग उरतो. ३ मेगाबिटला तर चारशेहून अधिक भागांपैकी एकच उरतो. एवढे टाकून देऊनही चित्र चित्रासारखे दिसते, याचे मला आजही खरोखर आश्चर्य वाटते.

हे जमते कसे, ते भिंतीकडे आणि पावसाकडे आलटून पालटून पाहिले की कळते. एच.२६४ ही चित्र दाबून लहान करण्याची एक पद्धत आहे. तिचा एन्कोडर, म्हणजे ते दाबण्याचे काम करणारी प्रणाली, फ्रेमचे १६ × १६ बिंदूंचे चौकोन पाडतो; १०८० उंचीच्या एका फ्रेममध्ये असे ८,१६० चौकोन होतात. मग प्रत्येक चौकोनासाठी तो आजूबाजूच्या फ्रेममध्ये त्याच्यासारखा दुसरा चौकोन शोधतो. सापडला, तर ‘तोच इथे ठेवा, इतका सरकवून’ एवढीच नोंद करतो आणि जो बारीक फरक उरला असेल तेवढा लिहितो. भिंत पंचवीस फ्रेम जागची हलत नाही, त्यामुळे तिच्याविषयी पहिल्यांदा एकदा लिहिले की पुढे लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. पावसाच्या पाण्यातल्या चौकोनाला मात्र मागच्या फ्रेममध्ये कोणी पूर्वजच नसतो. प्रत्येक थेंब नवा, प्रत्येक वर्तुळ वाढणारे आणि दुसऱ्यात मिसळणारे. अशा वेळी एन्कोडरला सगळे नव्याने लिहावे लागते आणि लिहायला दिलेली जागा तर भिंतीएवढीच असते. जागा संपत आली की तो बारकावे सोडतो, छटा ठोकळ करतो, आणि शेवटी चौकोनांच्या कडाच डोळ्यांना दिसू लागतात. आपण बोलताना ‘व्हिडिओ फुटला’ म्हणतो तो हा प्रकार.

पण सकाळी मी जे पाहिले, ते एवढ्याने घडलेले नव्हते. मी एक्स्पोर्ट केलेली फाइल माझ्या संगणकावर पुन्हा उघडली तेव्हा पाणी मलूल दिसत होते, पण पाणी वाटण्याइतके तरी शाबूत होते. संकेतस्थळावर ते पुरते गेले होते. कारण व्हिडिओ प्रसारित करणारी बहुतेक संकेतस्थळे आपण दिलेली फाइल जशीच्या तशी प्रेक्षकाला दाखवत नाहीत. ती उलगडतात आणि तिच्यापासून स्वतःच्या प्रती नव्याने बनवतात: मोबाइलसाठी लहान, मोठ्या पडद्यासाठी मोठी, मंद इंटरनेटसाठी आणखी हलकी. म्हणजे आपले चित्र दोनदा दाबले जाते. आणि दुसऱ्या एन्कोडरला पहिल्याचे दोष ओळखता येत नाहीत. माझ्या ३ मेगाबिटच्या फाइलमध्ये पडलेल्या चौकोनी कडा त्याच्या दृष्टीने चित्राचाच भाग होत्या. त्या कडा इमानाने जपण्यात त्याने आपली तुटपुंजी जागा खर्च केली आणि उरलेसुरले थेंब सोडून दिले. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरे जाड होतात आणि कागदावरचा डाग मात्र ठळक होतो, तसे हे झाले.

एक्स्पोर्टकडे पाहण्याची माझी नजर इथे बदलली. आपण जी फाइल चढवतो ती प्रेक्षकाने पाहायची प्रत नसते. ती दुसऱ्या कोणाला प्रत काढण्यासाठी दिलेले मूळ असते. हे एकदा मनात ठसले की त्या खिडकीतला जवळजवळ प्रत्येक रकाना कसा भरायचा ते आपोआप सुचू लागते. पुढच्या यंत्राला कापायला पुरेसे कापड मिळाले पाहिजे आणि जे चित्रित झाले आहे त्याचा स्वभाव वाटेत बदलता कामा नये.

पुरेसे म्हणजे किती, याला यूट्यूबने स्वतः दिलेले आकडे आधाराला घेता येतात. सेकंदाला २४ ते ३० फ्रेमच्या साध्या १०८० व्हिडिओसाठी ८ मेगाबिट, ४८ ते ६० फ्रेम असतील तर १२. ७२० साठी अनुक्रमे ५ आणि ७.५, आणि २१६० साठी, ज्याला आपण फोरके म्हणतो, ३५ ते ४५ किंवा ५३ ते ६८. माझे मत असे आहे की हे आकडे किमान समजावेत. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाला ८ मेगाबिट भरपूर होतात, पण पाऊस, धूर, वाऱ्यातली पाने, गर्दी, फेसाळते पाणी असे काही असेल तर मी बेधडक दुप्पट देतो. दहा मिनिटांचा व्हिडिओ ८ मेगाबिटला ६०० मेगाबाइटचा होतो आणि १६ ला १.२ गिगाबाइटचा. चढवायला दुप्पट वेळ लागतो, हे खरे. परंतु चित्रीकरणासाठी आपण तासन्‌तास थांबलेलो असतो; तिथे दाखवलेला धीर शेवटच्या अर्ध्या तासात सोडावा, असे मला वाटत नाही.

बिटरेटचा आकडा ठरवण्याइतकेच तो कसा वाटायचा हेही महत्त्वाचे आहे. स्थिर बिटरेट निवडला तर भिंतीला आणि पावसाला सारखाच वाटा मिळतो, आणि हा समान न्याय पावसावर अन्याय करणारा आहे. बदलता बिटरेट निवडला तर एन्कोडर गरजेनुसार कमीजास्त करतो. त्यातही दोन फेऱ्यांची पद्धत असेल तर पहिल्या फेरीत तो सबंध व्हिडिओ फक्त वाचतो आणि दुसऱ्या फेरीत लिहितो. आधी पूर्ण प्रश्नपत्रिका वाचून कोणत्या प्रश्नाला किती वेळ द्यायचा ते ठरवणाऱ्या विद्यार्थ्यासारखा. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण फाइलचा आकार आधी ठरलेला असेल तेव्हा याच्याइतकी चांगली वाटणी दुसरी नाही.

आकाराचे बंधन नसेल तर मात्र मला तिसरी पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. एक्स२६४ या मुक्त एन्कोडरमध्ये तिला सीआरएफ म्हणतात. तिथे आपण बिटरेट सांगतच नाही, दर्जा सांगतो: नेहमीच्या ८ बिटच्या चित्रासाठी ० ते ५१ या मापावर एक आकडा, जितका लहान तितके चित्र चांगले. काही न सांगितल्यास तो २३ धरला जातो. अपलोडसाठी मी १८ वापरतो. मग भिंत तिच्या गरजेपुरते घेते, पाऊस त्याच्या गरजेपुरते घेतो आणि फाइल किती मोठी झाली ते शेवटी कळते.

कंटेनर (फाइलचा डबा) आणि कोडेक (चित्र दाबण्या-उलगडण्याची पद्धत) यांवर लोक फार चर्चा करतात. मला त्यात फारसे ठरवण्यासारखे दिसत नाही. एमपी४ हा डबा आणि त्यात एच.२६४ चे चित्र, ही जोडी जवळपास सगळीकडे स्वीकारली जाते. एच.२६४ चे मानक २००३ चे, एच.२६५ चे २०१३ चे आणि एव्ही१ २०१८ चे. नव्या पद्धती तेवढ्याच जागेत अधिक चांगले चित्र देतात, पण त्यांचा खरा उपयोग संकेतस्थळाला प्रेक्षकापर्यंत पोहोचवताना होतो. आपल्याला एकदाच आणि मोठी फाइल द्यायची आहे, त्यामुळे जुनी, सर्वत्र उलगडणारी पद्धत बरी. ‘फास्ट स्टार्ट’ असा पर्याय दिसला तर तेवढा निवडावा. एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते. सगळे लिहून झाल्याशिवाय पत्ते ठरत नसल्यामुळे ती साहजिकच शेवटी लिहिली जाते. या पर्यायाने ती उचलून सुरुवातीला आणली जाते आणि वाचणाऱ्याला फाइलच्या तळापर्यंत जावे लागत नाही.

फ्रेम रेटविषयी, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याविषयी, मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याने मला पावसापेक्षाही मोठे दुःख दिले. माझ्या एका वृद्ध काकांशी मी सलग ऐंशी मिनिटे बोललो होतो आणि ते सगळे मोबाइलवर चित्रित केले होते. पुढे त्या गप्पांचा व्हिडिओ तयार केला. पहिली काही मिनिटे पाहून समाधान वाटले आणि मी तो नातलगांसाठी चढवला. शेवटाकडे काय झाले आहे ते एका बहिणीने कळवले. काका बोलून थांबत, त्यांचे ओठ मिटत, आणि त्यानंतर त्यांचा शेवटचा शब्द ऐकू येई. ज्या जागी ते आपल्या वडिलांविषयी बोलता बोलता गप्प होतात, तिथे गप्प चेहऱ्यावर शब्द येत होते आणि बोलत्या चेहऱ्यावर शांतता.

मोबाइल सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेतोच असे नाही. उजेड कमी झाला किंवा यंत्रावर ताण आला की तो कधी २९ घेतो, कधी त्याहूनही कमी, आणि प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये नोंदवून ठेवतो. माझ्या संकलनाच्या प्रणालीने त्या नोंदींकडे लक्ष न देता सगळ्या फ्रेम ३० च्या समान अंतरावर बसवल्या होत्या. आवाज त्याच्या स्वतःच्या घड्याळाने चालतो; चित्र कणाकणाने पुढे पळत राहिले आणि ऐंशी मिनिटांत अंतर दीड सेकंदाच्या घरात गेले. हा दोष एक्स्पोर्टच्या खिडकीत दुरुस्त होत नाही. संकलनाला हात लावण्यापूर्वीच मूळ चित्रणाची स्थिर फ्रेम रेटची प्रत करून घ्यावी लागते, आणि मी ते सगळे काम पहिल्यापासून पुन्हा केले.

एक्स्पोर्ट करताना पाळायचा नियम साधा आहे: ज्या गतीने चित्रित झाले त्याच गतीने द्यावे. २५ चे २५, ५० चे ५०. मोठा आकडा चांगला असेल अशा समजुतीने २४ चे ३० केले, तर दर चार फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा आडवा फिरत असताना चित्र अडखळत चालते. २९.९७ आणि ३० एकच, असेही समजू नये. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरले तेव्हा रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेतात मिसळू नये म्हणून ३० ला १.००१ ने भागले गेले. तो अपूर्णांक आजही आपल्या खिडकीत बसून आहे. २९.९७ चे चित्रण ३० वर दिले तर साधारण दर ३३ सेकंदांनी एक फ्रेम जादा घालावी लागते. एकट्या फ्रेमचे ते अडखळणे सगळ्यांना जाणवत नाही, पण ज्याला जाणवते त्याला पुढे तेवढेच जाणवत राहते.

जुन्या टेपवरून संगणकात घेतलेले चित्रण असेल तर आणखी एक रकाना डोळे उघडे ठेवून पाहावा लागतो. त्या काळी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत टिपली जाई, आधी एकाआड एक ओळी आणि क्षणभराने उरलेल्या. काकांच्याच घरातल्या एका टेपवर झोपाळ्यावरची मुलगी आहे. ती फ्रेम थांबवून पाहिली तर तिच्या फ्रॉकची कड कंगव्याच्या दातांसारखी दिसते, कारण दोन अर्ध्यांच्या दरम्यान झोपाळा पुढे गेलेला आहे. असे चित्र तसेच ठेवून त्याचा आकार बदलला की दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत कायमच्या मिसळतात आणि मग त्या कोणालाही वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस (दोन अर्ध्यांपासून पूर्ण फ्रेम करणे), नंतर आकार, आणि एक्स्पोर्ट नेहमी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण फ्रेमचा. शिवाय ७२० × ५७६ च्या त्या चित्रातले बिंदू चौरस नसतात. तो आकडा तसाच ठेवून चौरस बिंदूंवर दिला तर माणसे किंचित बारीक होतात. ७६८ × ५७६ केले की झोपाळ्यावरच्या मुलीला तिचा गोल चेहरा परत मिळतो.

आकार वाढवून तपशील वाढत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. संकेतस्थळे आपल्या प्रतींना आकाराप्रमाणे जागा देतात, त्यामुळे १०८० चे नाजूक चित्र १४४० उंचीचे करून चढवले तर मोठी प्रत पाहणाऱ्याला ते अधिक स्वच्छ दिसू शकते. पावसासाठी मी हा मार्ग वापरला आहे. बोलणाऱ्या माणसांसाठी वापरत नाही. वरखाली काळ्या पट्ट्या भरून चौकट पूर्ण करण्याचे मात्र मी टाळतो. उभे चित्रण असेल तर ते १०८० × १९२० असे उभेच द्यावे, चौकट जुळवण्याचे काम प्लेअर करतो.

रंगांबाबत एवढेच, की १०८० साठी बीटी.७०९ हे मानक ठेवावे आणि काळ्यापांढऱ्याची व्याप्ती एकाच मापात राहील याची खात्री करावी. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणकाच्या चित्रात तेच ० आणि २५५ असतात. वाटेत कुठे गैरसमज झाला की सावल्या धुरकट होतात किंवा काळ्यात बुडून जातात. आवाजाला एएसी ही ध्वनी दाबण्याची पद्धत, ४८ किलोहर्ट्झ आणि स्टीरिओसाठी ३८४ किलोबिट द्यावेत. चित्रापुढे ही जागा नगण्य आहे आणि ती वाचवण्यात काही अर्थ नाही. काकांच्या आवाजातला थरथराट मला चित्राच्या कोणत्याही बारकाव्यापेक्षा मोलाचा आहे.

या सगळ्याच्या आधी मी हल्ली एक मोठी प्रत काढून स्वतःजवळ ठेवतो, अपलोडच्या फाइलहून कितीतरी जड. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा तिथले चित्र ३२० × २४० चे होते. ७२० ची सोय २००८ च्या अखेरीस आली आणि १०८० ची २००९ मध्ये. त्या दिवसांत तेवढ्यापुरतीच लहान फाइल करून मूळ चित्रण पुसून टाकणाऱ्यांकडे आज तेवढेच उरले आहे. माझाही एक जुना व्हिडिओ असाच उरला आहे. त्यात एका मित्राचा चेहरा तीन पावले दूर गेला की ओळखू येत नाही, आणि ते चित्रण पुन्हा करता येणार नाही.

पावसाचे मूळ चित्रण सुदैवाने माझ्याजवळ होते. मी त्यातले सर्वांत दाट पावसाचे वीस सेकंद कापून घेतले आणि चार वेगवेगळ्या सेटिंगवर एक्स्पोर्ट करून खासगी व्हिडिओ म्हणून चढवले. चढवल्यावर लगेच पाहिले तर चारही सारखेच धूसर दिसले, कारण आधी लहान प्रत तयार होते आणि मोठ्या प्रती मागाहून येतात. तेवढ्यात निराश होऊन मी पूर्वी कितीदा चुकीचे निष्कर्ष काढले असतील कोण जाणे. दोन तासांनी पुन्हा उघडले. ३ मेगाबिटवर तोच करडा थर होता. ८ वर पाणी पाणी वाटत होते, पण सपाट. १६ वर जवळच्या काठाची वर्तुळे दिसू लागली. सीआरएफ १८ वर, आकार १४४० करून दिलेल्या प्रतीत, एका थेंबाचे वर्तुळ दुसऱ्याला टेकून दोन्हींच्या कडा क्षणभर एकत्र उजळतात, ते दिसले. पलीकडच्या काठाजवळचे पाणी तिथेही एकजीवच राहिले. मी सबंध माहितीपट त्या सेटिंगवर लावला, अपलोडला रात्रभर वेळ दिला आणि सकाळी पुन्हा तो शेवटचा शॉट उघडला.